नाडीची संख्या आणि नाडीची चाल : झोपेतील श्वासरोध, वायुदाबाचा उपचार आणि हृदयगती यांचा इतिहास



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला इतिहास शिकवीत. मी पुढे वैद्यकाकडे वळलो आणि श्वसनविकारांचा डॉक्टर झालो. त्यामुळे व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा प्रथम संकोच वाटला. इतिहासाच्या शिक्षकाच्या स्मृतीला डॉक्टराने काय वाहावे? मग सरांच्या शिकवण्याची एक रीत आठवली. ते सनावळी पाठ करून घेत नसत. कुठलाही सन सांगितला, की ते लगेच विचारीत : त्याच्या आदल्या वर्षी लोक काय मानीत होते? शोध लागण्यापूर्वीचा माणूसही शहाणाच होता, मग त्याला ते का दिसले नाही, हे शोधणे म्हणजे त्यांच्या लेखी इतिहास. आज त्याच प्रश्नाचे बोट धरून मी माझ्या क्षेत्रातील एक हकीकत सांगणार आहे.

हा विषय निवडण्यामागे दुसरेही एक कारण आहे, आणि ते सांगताना मन थोडे ओशाळते. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला सर शिकवता शिकवता खुर्चीतच पेंगत. दोन-तीन मिनिटांनी दचकून जागे होत आणि वाक्य जिथे तुटले होते तिथूनच पुढे सुरू करीत. आम्ही मागच्या बाकांवरून हसत असू. त्यांना आम्ही 'कुंभकर्ण' हे नाव ठेवले होते. देहाने ते स्थूल होते, मान आखूड होती, आणि स्वभावाने ते इतके शिस्तीचे, की आळस हा शब्द त्यांना लावणे हाच अन्याय होता. निवृत्तीला काही वर्षे असतानाच एका पहाटे हृदयविकाराने ते गेले. हे १९८०च्या आधीचे आहे. त्या सनाचे महत्त्व पुढे ध्यानात येईल.

गच्चीवरची शांतता

आपल्या अरेरा कॉलोनीचा जुना रहिवासी मनात एक चित्र बाळगून असतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी झाली आणि नागपूरचे राजधानीपण गेले. त्या वेळी नागपूरच्या कचेऱ्यांतून फायलींबरोबर कितीतरी मराठी कुटुंबेही इकडे आली. पुढे त्यांतल्या अनेकांची घरे या वसाहतीत उभी राहिली. उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायचे, ओळीने गाद्या घालायच्या आणि सारे घर उघड्यावर झोपायचे. अशा रात्री एका गच्चीवरचे घोरणे तिसऱ्या गच्चीवर ऐकू येई. घोरणे वाढत जाई, एकदम थांबे, बराच वेळ काहीच ऐकू येत नसे आणि मग मोठ्या घुरकाऱ्यासरशी ते पुन्हा सुरू होई. मुले हसत, बायका पदराआड हसत. घोरणे हे गाढ झोपेचे आणि भरल्या घराचे लक्षण मानले जाई.

आज मागे वळून पाहता कळते, की हसण्याजोगा तो आवाज होता. भिण्याजोगी होती ती मधली शांतता. त्या शांततेत माणसाचा श्वास अडलेला असे, आणि त्याचे हृदय एका विशिष्ट चालीने चालू लागलेले असे. ही चाल वैद्यकाच्या ध्यानात कशी आली, हवेच्या दाबाने ती कशी बदलता आली, आणि एवढे झाल्यावरही कोणता प्रश्न शिल्लक राहिला, हा आजचा विषय.

चालीकडून संख्येकडे

नाडी पाहणे आपल्याकडे जुने आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे जे वर्णन आहे, त्याचा एक विशेष पाहण्यासारखा आहे. तिथे मिनिटाला किती ठोके, हा प्रश्नच नाही. वातप्रकोपात नाडी जळू किंवा सापासारखी चालते, पित्तप्रकोपात चिमणा, कावळा, बेडूक यांसारखी, कफप्रकोपात हंस वा पारव्यासारखी, असे सांगितले आहे. त्या उपमांमागील दोषविचार आज कोणी मानो वा न मानो. पाहणाऱ्याचे लक्ष चालीकडे होते, एवढे निश्चित.

युरोपात सतराव्या शतकाच्या आरंभी सांतोरिओ या इटालियन वैद्याने लंबकाच्या साहाय्याने नाडी मापण्याची युक्ती काढली. १७०७ मध्ये इंग्लंडातील जॉन फ्लॉयर याने नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ वापरात आणले आणि त्यावर ग्रंथ लिहिला. इथून नाडी ही संख्या झाली. ही मोठी प्रगती होती. संख्या लिहून ठेवता येते, एका गावाच्या वैद्याला दुसऱ्या गावच्या वैद्याशी ताडून पाहता येते, गुरूच्या बोटांवर अवलंबून राहावे लागत नाही. परंतु प्रत्येक प्रगतीत हातातून काहीतरी निसटते. मिनिटाला ७२ ठोके म्हटले, की ते ७२ ठोके एकमेकांपासून सारख्या अंतरावर पडले की कमी-अधिक, ही गोष्ट त्या आकड्यात बुडून जाते.

ती अगदीच विसरली गेली, असे नाही. १७३३ मध्ये स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने घोड्याच्या रोहिणीत नळी घालून रक्तदाब मोजल्याची हकीकत प्रसिद्ध केली. श्वासाबरोबर रक्तदाब वरखाली होतो हे त्याने टिपले होते. १८४७ मध्ये जर्मनीतील कार्ल लुडविग याने फिरत्या नळकांड्यावर दाबाची रेषा उमटवणारे यंत्र रचले. श्वास आत घेताना नाडी जलद होते आणि सोडताना मंदावते, हे त्यावर कागदोपत्री दिसले. आपण शांत बसलेले असतानाही हृदय घड्याळासारखे टिकटिकत नाही; ते श्वासाचे ऐकत असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील आइंटहोव्हेन यांनी हृदयाची विद्युत्‌रेषा काढणारे यंत्र सिद्ध केले. त्याबद्दल त्यांना १९२४चे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी माणूस हिंडत-फिरत असताना ईसीजी नोंदण्याचा ध्यास घेतला. त्यांचे पहिले यंत्र पाठीवर वाहून न्यावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. १९६१पर्यंत ते आटोपशीर झाले. आता अख्ख्या दिवसरात्रीचे, म्हणजे सुमारे एक लाख ठोके कागदावर येऊ लागले. दोन ठोक्यांमधले अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येऊ लागले.

याच सुमारास प्रसूतिशास्त्रात एक महत्त्वाचे निरीक्षण झाले. गर्भ संकटात असेल तर त्याच्या हृदयाचा सरासरी वेग बदलण्याआधीच ठोक्याठोक्यांतील फरक कमी होतो, हे हॉन आणि ली यांनी १९६३मध्ये दाखवले. संकटाची पहिली खूण म्हणजे हृदय फार नियमित होणे! १९८७ मध्ये क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन वाचलेल्या ८०८ रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला. ज्यांच्या स्पंदनांतरांतील चढउतार ५० मिलिसेकंदांहून कमी होता, त्यांच्या मृत्यूचा धोका हा चढउतार १०० मिलिसेकंदांहून अधिक असलेल्यांच्या ५.३ पट होता. १९९६ मध्ये युरोप व अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी एकत्र येऊन या मोजमापाचे नियम ठरवले. आदल्या पिढीतील शहाणा डॉक्टर नियमित नाडीला निरोगी म्हणत होता. आता लवचीक नाडीला निरोगी म्हणावे लागले.

चढउतार आणि जटिलता

इथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढची सारी हकीकत त्यावर उभी आहे. चढउतार किती आहे हा एक प्रश्न. तो कसा गुंफलेला आहे हा दुसरा. या गुंफणीला शास्त्रज्ञ कॉम्प्लेक्सिटी म्हणतात. मी जटिलता म्हणेन.

दाखला संगीताचा घेऊ. इलेक्ट्रॉनिक तबल्यावर तीनताल लावला, तर तो रात्रभर तसाच वाजेल. पुढची मात्रा कुठे पडेल हे कोणीही सांगेल. उलट, मांडणीवरून भांडी कोसळली, तर पुढचा आवाज केव्हा येईल ते कोणालाच सांगता येणार नाही. परंतु त्याला संगीत म्हणवणार नाही. जाणकार तबलजी या दोहोंच्या मध्ये असतो. ठेक्याला तो धरून असतो, गायकाच्या हरकतीला उत्तर देतो, क्षणभर मागे रेंगाळतो, समेवर अचूक येतो. त्याच्या वाजवण्यात क्षणाची, आवर्तनाची आणि सबंध मैफलीची अशा अनेक पातळ्यांची रचना एकाच वेळी नांदते. निरोगी हृदयाचे चालणे या तबलजीसारखे असते. श्वास, रक्तदाब, शरीराचे तापमान, झोपेचे टप्पे, मनाची अवस्था या साऱ्यांना ते एकाच वेळी उत्तर देत असते.

ही गोष्ट आकड्यात कशी मांडावी? १९९१ मध्ये स्टीव्हन पिंकस या गणितज्ञाने एक माप सुचवले. कल्पना सोपी आहे. मागचे दोन ठोके पाहून तिसऱ्याचे भाकीत जितके अचूक करता येईल, तितकी मालिका सोपी. भाकीत जितके अवघड, तितकी तिची 'एंट्रॉपी' अधिक. २००० मध्ये रिचमन आणि मूरमन यांनी त्यातील एक दोष काढून सुधारलेले माप दिले. तरीही अडचण उरलीच. आलिंदांच्या कंपनाचा जो एक विकार आहे, त्यात हृदय अगदी वेडेवाकडे चालते. या मापाने ते निरोगी हृदयाहूनही जटिल ठरे. म्हणजे भांडी पडण्याच्या आवाजाला तबलजीपेक्षा अधिक गुण मिळत.

२००२ मध्ये बोस्टन येथील मादालेना कोस्टा, एरी गोल्डबर्गर आणि चुंग-कांग पेंग यांनी या अडचणीतून वाट काढली. त्यांनी ठोके एकेकटे पाहिले, मग दोन-दोनांची सरासरी घेऊन, मग तीन-तीनांची, असे वीस-वीसांपर्यंत दूर होत होत पाहिले. दूर गेल्यावर विकृत हृदयाची अनियमितता सपाट होत गेली आणि निरोगी हृदयाची रचना प्रत्येक अंतरावरून दिसत राहिली. अनेक पातळ्यांवर टिकणारी समृद्धी हे निरोगीपणाचे लक्षण, असा या पद्धतीचा अर्थ.

आपल्या महाराष्ट्रातही चालीकडे परतण्याचा एक प्रयत्न झाला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मुंबईची आयआयटी येथील संशोधकांनी २००७ मध्ये 'नाडी तरंगिणी' नावाची यंत्रणा मांडली. वैद्य ज्या तीन ठिकाणी बोटे ठेवतो, तिथे दाब टिपणारे संवेदक ठेवून नाडीची लहर संगणकात घ्यायची आणि तिची गणिती तपासणी करायची, असा तो उपक्रम होता. शार्ङ्गधराच्या हंस-पारव्यांचा आणि आधुनिक गणिताचा मेळ बसतो की नाही, हा निराळा वाद. पण संख्येने गिळलेली चाल पुन्हा हवीशी वाटू लागली, एवढे त्यावरून दिसते.

श्वासरोगाला नाव मिळते

आता गच्चीवरच्या शांततेकडे वळू. स्थूल, सदा पेंगणाऱ्या माणसाचे चित्र वैद्यकाआधी साहित्याने काढले. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ मधील 'पिक्विक पेपर्स' या कादंबरीत जो नावाचा असा एक पोऱ्या आहे. १९५६ मध्ये बरवेल आणि सहकाऱ्यांनी अशा एका रुग्णाचे वर्णन करताना त्या कादंबरीवरूनच विकाराला नाव दिले. पण त्यांचे लक्ष दिवसाच्या पेंगण्याकडे आणि शरीराच्या वजनाकडे होते. रात्री उशाशी बसून पाहण्याचे काम १९६५ मध्ये झाले. फ्रान्समध्ये गास्तो आणि सहकारी, आणि जर्मनीत युंग व कुलो, यांनी अशा रुग्णांच्या झोपेची नोंद घेतली तेव्हा श्वास वारंवार थांबतो हे दिसले. १९७६ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे क्रिस्तियाँ गियमिनो यांनी 'स्लीप अ‍ॅप्निया सिंड्रोम' हे नाव रूढ केले.

यात घडते ते असे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि मऊ टाळू मागे सरतात, वाट बंद होते. छाती ओढ घेत राहते, पण हवा आत जात नाही. असा अडसर दहा सेकंद वा अधिक टिकला, तर तो मोजला जातो. रक्तातील प्राणवायू उतरतो, हृदय मंदावते. मेंदूला धोक्याची जाणीव होते आणि तो क्षणभर जागा होतो. घसा उघडतो, घुरकारा निघतो, हृदय वेगाने धावते. मग पुन्हा झोप आणि पुन्हा अडसर. तासाला तीस वा अधिक अडसर म्हणजे तीव्र विकार. सात तासांच्या झोपेत हे दोनशेहून अधिक वेळा घडते, आणि सकाळी त्या माणसाला यातले काहीही आठवत नाही. त्याला एवढेच कळते, की दुपारी डोळे मिटतात.

१९८४ मध्ये गियमिनो आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये हृदयाच्या या मंद-जलद चक्राचे सविस्तर वर्णन केले, आणि केवळ चोवीस तासांच्या ईसीजीवरूनही हा विकार ओळखता येईल असे सुचवले. १९८४ हे साल या शहरात उच्चारले, की मन दुसरीकडेच जाते. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या त्या रात्री हजारोंचा श्वास कोंडला तो विषारी वायूने. आजच्या विषयातील विकार वेगळा आहे आणि दोहोंची सांगड घालणे अनुचित ठरेल. परंतु झोपेतल्या माणसाचा श्वास किती नाजूक असतो, हे भोपाळच्या श्रोत्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

या चक्रात एक फसवी गोष्ट दडलेली आहे. मंद-जलद, मंद-जलद अशी लाट रात्रभर चालली, तर हृदयगतीचा एकूण चढउतार वाढलेला दिसतो. मघाच्या १९८७च्या हिशेबाने पाहिले, तर असे हृदय उत्तम म्हणावे लागेल. प्रत्यक्षात ती लाट पुनःपुन्हा तीच असते. पुढे काय येणार हे आधीच सांगता येते. चढउतार मोठा, पण गुंफण दरिद्री. साऱ्या साथीदारांना सोडून तबलजी एकाच घाबऱ्या ठेक्यात अडकला, तसे हे. म्हणूनच श्वासरोधाच्या रुग्णात चढउतार मोजणे पुरत नाही, जटिलता पाहावी लागते.

संगणकाला हे चक्र ओळखता येते का, याची खुली परीक्षाही झाली. जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठातील टोमास पेंझेल यांनी ७० रात्रींच्या ईसीजी-नोंदी दिल्या, आणि २००० मध्ये त्या जगभरच्या संशोधकांसमोर स्पर्धेसाठी ठेवल्या गेल्या. रुग्ण कोण आणि निरोगी कोण, हे केवळ ईसीजीवरून ओळखण्यात काही चमूंनी पैकीच्या पैकी गुण मिळवले. त्या नोंदी आजही सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहेत. आपल्या शाळेतील गणिताची आवड असलेला एखादा विद्यार्थी घरच्या संगणकावर त्या उघडून पाहू शकतो.

हवेचा आधार

१९७०च्या दशकात तीव्र विकारावर खात्रीचा उपाय एकच होता : गळ्याला भोक पाडून श्वासनलिका बाहेर उघडणे. उपाय गुणकारी, पण माणसाला जन्मभर गळ्यात छिद्र घेऊन जगावे लागे.

जून १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांच्यापुढे असाच एक रुग्ण होता. गळ्याला छिद्र पाडून घ्यायला तो तयार नव्हता. सलिव्हन यांनी आधी कॅनडात कुत्र्यांच्या झोपेतील श्वसनावर काम केले होते आणि त्यांच्या तोंडावर बसतील असे मुखवटे बनवले होते. त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीने हवा ओढण्याऐवजी फुंकण्याची सोय केली, नाकावर मुखवटा चिकटवला आणि थोडा दाब दिला. हवेच्याच आधाराने घसा आतून उघडा राहिला. श्वास चालू झाला आणि रुग्ण गाढ झोपला. १९८१च्या एप्रिलमध्ये पाच रुग्णांचा हा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. लागलेला दाब होता पाण्याच्या साडेचार ते दहा सेंटिमीटर स्तंभाइतका. पेल्यातील पाण्यात नळी बुडवून फुंकर घालताना लागतो तेवढाच. हेच सीपॅप.

या दाबाने पहिल्याच रात्री हृदयाची ती घाबरी लाट विरते. श्वासाबरोबर होणारा लुडविगच्या काळापासून ज्ञात असलेला हळुवार बदल पुन्हा दिसू लागतो. परंतु हृदय पूर्ववत झाले, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. या रुग्णांत दिवसाही मज्जासंस्थेचा 'पळा वा लढा' हा भाग ताणलेला असतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नार्किएविच आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात एक महिन्याच्या उपचारानंतर हा ताण फारसा उतरला नव्हता. सहा महिन्यांनी आणि वर्षाने तो उतरलेला आढळला. लाट एका रात्रीत जाते, सवय जायला महिने लागतात.

जटिलता मोजतानाही घाई करून चालत नाही. वयाबरोबर ती स्वभावतःच कमी होते. झोपेच्या टप्प्याटप्प्यांत ती बदलते. सीपॅपच्या पहिल्या रात्री थकलेला मेंदू गाढ झोपेचे आणि स्वप्नांच्या झोपेचे राहिलेले देणे वसूल करतो, त्यामुळे आदल्या रात्रीशी तुलना सरळ राहत नाही. म्हणून एंट्रॉपीची मापे आजही प्रामुख्याने संशोधनाचे साधन आहेत. दवाखान्यातील नेहमीची तपासणी झालेली नाहीत.

आकडा उतरला, पण

दवाखान्यात आम्ही पाहतो तो आकडा म्हणजे तासाला किती अडसर. उपचाराने तो उतरला, की डॉक्टर आणि रुग्ण दोघेही समाधान पावतात. या समाधानाला दोन मोठ्या अभ्यासांनी धक्का दिला.

दुर्बल हृदयाच्या काही रुग्णांत श्वास थांबतो तो घसा मिटल्यामुळे नव्हे, तर मेंदूकडून येणारी आज्ञाच लाटेसारखी येत-जात असते म्हणून. डब्लिनच्या चेन आणि स्टोक्स या डॉक्टरांनी १८१८ आणि १८५४ मध्ये या श्वसनाचे वर्णन केले होते. रुग्णाच्या श्वासागणिक दाब बदलणारे एक प्रगत यंत्र अशा रुग्णांना दिले गेले. १३२५ रुग्णांच्या या अभ्यासाचा निष्कर्ष २०१५ मध्ये आला : श्वासाचे अडसर उत्तम रीतीने घटले, पण हृदयविकाराने होणारे मृत्यू यंत्र वापरणाऱ्यांत सुमारे ३४ टक्क्यांनी अधिक निघाले. श्वासाची रेषा सुंदर झाली आणि माणूस गेला. त्यानंतर अशा रुग्णांना ते यंत्र न देण्याचा सल्ला दिला गेला.

दुसरा अभ्यास २०१६चा, नेहमीच्या सीपॅपचा. घसा मिटण्याचा विकार आणि जोडीला हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २७१७ रुग्ण त्यात होते. सात देशांत भारतही होता. अडसरांची संख्या तासाला २९वरून ३.७वर आली. दिवसाचे पेंगणे कमी झाले, मन प्रसन्न झाले, जगणे सुधारले. परंतु हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात मात्र कमी झाले नाहीत. यात एक बारकावा आहे. रुग्ण सरासरी रात्री ३.३ तासच मुखवटा लावीत होते. स्वप्नांची झोप बहुतांशी पहाटेकडे येते आणि अनेकांचा श्वास त्याच वेळी अधिक अडतो. मध्यरात्री मुखवटा काढून ठेवणारा माणूस रात्रीचा अर्धा भाग राखतो आणि धोक्याचा अर्धा भाग उघडा टाकतो. यंत्राने दाखवलेला ३.७ हा आकडा खरा होता, पण तो मुखवटा लावलेल्या तासांचा होता.

याचा अर्थ कोणी सीपॅप निरुपयोगी आहे, असा घेऊ नये. ज्याला तो सांगितला आहे, त्याने तो रात्रभर वापरावा. डॉक्टरांना विचारल्यावाचून सोडू नये. मला सांगायचे आहे ते वेगळे. १७०७ मध्ये आपण चाल सोडून संख्या घेतली आणि तीनशे वर्षांनंतर पुन्हा त्याच वळणावर आलो आहोत. पूर्वी नाडीचा आकडा होता, आता अडसरांचा आहे. आकड्यावाचून वैद्यक चालत नाही. पण आकडा म्हणजे माणूस नव्हे. हृदयाच्या जटिलतेचा अभ्यास आज अपुरा असला, तरी तो योग्य प्रश्न विचारतो : अडसर गेला, पण हृदय पुन्हा सर्वांना उत्तर देऊ लागले का?

आपल्या घरात

हा विकार दूरदेशीचा नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयोगटातील पुरुषांची झोप तपासून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेहमीच्या आरोग्य-तपासणीसाठी आलेली ही माणसे होती. त्यांपैकी १९.५ टक्क्यांत झोपेतील श्वसनाचा दोष आढळला आणि ७.५ टक्क्यांत दिवसाच्या पेंगण्यासह पूर्ण विकार. या सभागृहात त्या वयाचे शंभर पुरुष बसले असतील, तर हिशेब आपणच करावा. स्त्रियांतही तो आढळतो, विशेषतः पाळी गेल्यानंतर. पण त्यांच्या घोरण्याची दखल घ्यायला रात्री जागे कोणी नसते.

या रोगाचा पहिला निदानकर्ता डॉक्टर नसतो. तो शेजारच्या गादीवर झोपलेला असतो. घोरणे थांबते का, किती वेळ थांबते, घुरकाऱ्याने सुरू होते का, हे घरच्या माणसाने पाहावे आणि डॉक्टरांना सांगावे. सकाळी डोके जड असणे, गाडी चालवताना डोळा लागणे, औषधे घेऊनही रक्तदाब न उतरणे, या खुणा जोडीला असतील, तर झोपेची तपासणी करून घ्यावी.

आता पुन्हा सरांकडे. त्यांना हाच विकार होता, असे मी म्हणणार नाही. न तपासलेल्या रुग्णाचे निदान करू नये, हे मला वैद्यकाने शिकवले. आणि पुराव्यावाचून विधान करू नये, हे त्यांनी शिकवले. पण त्यांचाच प्रश्न त्यांना लावून पाहतो. १९८०च्या आदल्या वर्षी लोक काय मानीत होते? पेंगणारा शिक्षक आळशी आहे, असे. त्याच्या रात्री कशा जात असतील, हे आम्हां मुलांना कळण्याचा मार्ग नव्हता, आणि त्यांच्यापाशी हवेचा तो आधार नव्हता. रात्रभर श्वासासाठी झगडून जर कोणी सकाळी वेळेवर शाळेत येत असेल आणि तुटलेले वाक्य जिथल्या तिथे जोडून पुढे शिकवीत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

आज आपल्या वर्गात, कचेरीत वा घरात कोणी पेंगताना दिसले, तर हसण्यापूर्वी त्याला एकदा विचारा, रात्री झोप कशी लागते. हे व्याख्यान मी त्या न विचारलेल्या प्रश्नाची भरपाई म्हणून सरांच्या स्मृतीला अर्पण करतो.